कडी

दिल्लीला मी गेलो.
आमच्याकडं बाईपण 'गेलो'च म्हणते.
तिथल्या दुभाष्यानं दोनदा विचारलं, कोण गेला?
म्हटलं, मीच. अक्काताई पोवार, सुभाषनगर, कोल्हापूर.
गळ्यातल्या पट्टीवर 'पवार' छापलं होतं.
म्हटलं, राहू दे.

बोलायला तीन मिनिटं.
कागद मॅडमनी लिहून दिलेला,
त्यात 'स्व-काळजी' नऊ वेळा.
निजामुद्दीनच्या गाडीत मिरजेपासून घोकत होतो,
भुसावळला पाठ झाला,
आग्र्याला विसरलो.

माझा हात वेणीचा.
चपलेच्या पट्ट्यावर चामड्याची वेणी घालतो मी,
अठ्ठावीस वर्षं, मान खाली, पाय मुडपून.
पांढरं जातंय, जाऊ दे. ओटीपोटात कळ, असू दे.
आधी जोड पुरा होऊ दे.
अंगावर काढणं ही आमची पहिली कारागिरी,
वेणी दुसरी.

नूरजहाँ मुजावर, आमच्या गल्लीची आशा,
एक नळी घेऊन आली, आत बारीक ब्रश.
म्हणाली, पिशवीच्या तोंडाची तपासणी हाय,
तुझी तूच घ्यायची.
टेबलावर पाय वर नकोत,
पडद्याआड शिकाऊ पोरं नकोत.
घरातच घे की, आडोशाला.

आडोशाला.

पुढं कारखाना, मागं चूल, कोपऱ्यात मोरी.
मोरीला पत्र्याचं दार, दाराला सुतळी,
सुतळीला खिळा, खिळा भिंतीत डुगडुगतो.
आत कोण आहे, ते खोकून सांगायचं.
घरातले सगळे एकमेकांचा खोकला ओळखतात.

चार दिवस नळी रंगाच्या बाटल्यांमागं पडून.
पाचव्या दिवशी सासूच्या हाताला लागली.
"ह्ये काय गं?"
सांगितलं.
तिनं जन्मात त्या जागेचं नाव घेतलं नव्हतं,
'तिथं' म्हणायची,
परगावाबद्दल बोलल्यासारखं.
सहा बाळंतपणं 'तिथं', एक पडलेलं 'तिथं'.
बराच वेळ हातातली आरी नुसती पुसत राहिली.
मग म्हणाली, "जा आत. मी बसतो दाराला."

पाट टाकला, पत्र्याला पाठ लावली,
आणि गल्लीतनं चाललेल्या दूधवाल्याशी
पाण्यावरनं असं भांडण काढलं
की सगळी वस्ती तिकडं बघू लागली.
तिच्या शिव्यांनी पत्रा थरथरत होता.
आत मी भिंतीला टेकून उभा,
हात थंड,
ज्या हातानं हजारो जोड विणले
तोच हात वाट विचारत होता.
दुखलं नाही. रडायला मात्र आलं, का ते कळलं नाही.

बाहेर आलो तर ती उठेना.
पत्र्याकडंच बघत म्हणाली,
"आनि येक नळी असंल का तिच्यापाशी?
का माझं वय गेलं?"

तर दिल्लीत कागद उलटा ठेवला.
म्हटलं, आधी आम्हाला कडी द्या.
दुभाष्यानं 'कढी' ऐकलं, दोघंतिघं हसले.
मग हवेत हात लांब करून
ओढून दाखवली: खट्.
हसू थांबलं.
म्हटलं, ही लागली की माझं मी बघतो.
पण मी आत माझं बघतो म्हणून
बाहेर दवाखान्याला कुलूप घालू नका.
नळीत वाईट निघालं तर
मला तुमच्याच दारात यायचंय,
आणि तेव्हा तिथं कुणीतरी पाहिजे.
घंटा वाजली.
मॅडम कागद शोधत होत्या.

परतल्यावर स्टेशनातनं तसाच लक्ष्मीपुरीत गेलो.
एक लोखंडी कडी, चार स्क्रू.
पोरानं विचारलं, मोठ्या दाराला?
म्हटलं, मोरीच्या.

माझा रिपोर्ट अजून यायचाय.
सासू आता आत गेली की कडी लावते,
दोनदा ओढून बघते,
आणि तरी खोकते.